मोकळा हब, जाम हब

आगरच्या वाडीतल्या वाटा मे महिन्यात दगडासारख्या कडक असतात. पावसाने जोर धरला की त्याच वाटांवर चिकूचे क्रेट भरलेली गाडी रुतते. फोर बाय फोर पिकअप ठेवली ती एवढ्यासाठीच. पण तिच्या पुढच्या चाकांना काम लागतं पावसाळ्यापुरतं. एरवी त्या चाकांच्या हबवरच्या डायल ‘फ्री’वर, म्हणजे ॲक्सलपासून सुटलेल्या, असतात आणि खाडीवरून येणारा खारा वारा त्यांना रोज लागतो.

गेल्या पावसाळ्यात गाडी चिखलात बसली. उजवी डायल ‘लॉक’वर गेली, डावी हलेचना. फोर बाय फोरचा लिव्हर ओढला, पुढचा शाफ्ट फिरला, पण पुढची चाकं जागची हलली नाहीत. एकच हब लॉक असला की असंच होतं. डिफरन्शियल सगळा जोर सोप्या बाजूला, म्हणजे मोकळ्या हबाकडे सोडतो. तिथे नुसता ॲक्सल फिरतो आणि लॉक केलेलं चाकही ओढत नाही. शेवटी ट्रॅक्टर आणून गाडी काढली.

मिस्त्रीकाका आले. आधीच म्हणाले, “दादा, डायलला पक्कड लावायची नाही. नरम धातू आहे, कान तुटला की हब गेला.” त्यांनी ॲलन बोल्ट काढले, लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकलं आणि झाकण अलगद सुटलं. आत ग्रीस वाळून चिकट झालेलं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि पोलादी रिंगवर तांबूस गंज. ही रिंग दातांवरून सरकून ॲक्सल आणि हब जोडते. ती सरकलीच नाही तर डायल फिरणार कशी!

सगळे भाग डिझेलमध्ये भिजत ठेवले. मग जुन्या टूथब्रशने दातांच्या खाचा साफ केल्या, गंजावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. रिंग बोटाने सरकायला लागल्यावर ग्रीसचा पातळ हात दिला. मी आणखी लावा म्हटलं, तर काका म्हणाले, “जास्त झालं की रिंग त्यातच अडकते.” ओ-रिंग नवी घातली, डायल ‘फ्री’वर ठेवून झाकण बसवलं आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले.

नंतर चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. ‘फ्री’वर हबमागचा ॲक्सल स्थिर. ‘लॉक’वर चाक जरा मागेपुढे केलं तसे दात बसले आणि ॲक्सल चाकाबरोबर फिरला.

मला दोष खाऱ्या हवेचाच वाटत होता. पण तलासरीकडच्या आमच्या पाहुण्यांच्या गाडीचे हबही असेच जाम झाले होते, आणि ते समुद्रापासून चांगले आत राहतात. त्यांचीही गाडी पावसाळा सोडला तर कायम ‘फ्री’वर. म्हणजे दोष डायल न हलवण्याचाही होता. आता आम्ही दोघेही महिन्यातून एकदा दोन्ही डायल ‘लॉक’ करतो, लिव्हर टूवरच, म्हणजे टू-व्हील ड्राइव्हवर, ठेवून गाडी थोडी चालवतो आणि डायल परत सोडतो. टूवर असल्यामुळे डांबरी रस्त्यावरही हे चालतं. वर पुढच्या डिफरन्शियलमधलं तेलही हलतं.