टाकीतील शिल्लक

लग्नसराईचे दिवस होते. सांगलीच्या पेठेतील रंग व हार्डवेअरच्या एका दुकानात सुतारकाम करणारा तरुण कपाटाचे दार घेऊन आला आणि काही न बोलता त्याने ते काउंटरवर ठेवले. दाराचा वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत होता. खालचा मात्र संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. कपाट चार दिवसांत लग्नघरी पोचवायचे होते.

आठवड्यापूर्वी दुकानदाराच्या धाकट्या मुलाने त्याला दुकानातील सर्वांत महाग स्प्रे गन विकली होती. कॉम्प्रेसर ८ बारचा, गनला २ बार दाब पुरतो. मग अडचण कसली, असा मुलाचा हिशेब होता. आता तो म्हणाला, "वापरलेला माल परत घेत नाही. बिलावर छापलेले आहे." तरुणाने मान खाली घातली. कॉम्प्रेसर त्याने हप्त्यांवर घेतला होता.

गादीवरून अण्णा उठले. "कॉम्प्रेसर केवढा, बाळ?"

"घरगुतीच आहे, अण्णा. २ हॉर्सपॉवर, टाकी ५० लिटरची. पाटीवर ७ घनफूट लिहिले आहे."

अण्णांनी बिलाचा कागद उलटा केला आणि मुलाला जवळ बोलावले. पाटीवरचा आकडा पंपाच्या क्षमतेचा असतो. प्रत्यक्ष हाती येणारी हवा त्याहून कमी. ती मिनिटाला ५ घनफूट, म्हणजे सुमारे १४० लिटर धरली. गनच्या खोक्यावर गरज छापली होती १२ घनफुटांची, म्हणजे ३४० लिटर. दर मिनिटाला २०० लिटरची तूट! टाकीतील दाब ८ वरून ४ बारवर येईपर्यंत ५० लिटरच्या टाकीतून मिळणार तेवढीच २०० लिटर हवा.

"आवक १४०, खर्च ३४०. गल्ल्यातील शिल्लक किती वेळ पुरेल?"

"एक मिनिट," मुलगा हळूच म्हणाला.

"म्हणून वरचा भाग चांगला उतरला. पुढे दाब पडला, रंगाचे थेंब बारीक फुटेनात, आणि साल आली. दाब म्हणजे आवक नव्हे."

अण्णांनी ती गन परत घेतली आणि ४ घनफुटांत चालणारी साधी गन काढून दिली. तिचा फवारा अरुंद, काम थोडे सावकाश. पण तिचा खर्च आवकीच्या आत होता. दार पॉलिशपेपरने घासून पुन्हा मारावे, मध्ये कॉम्प्रेसरला विसावा द्यावा, टाकीच्या तळाशी साठलेले पाणी रोज काढावे, एवढे सांगून त्यांनी फरकाची रक्कम तरुणाच्या हातावर ठेवली.

रात्री वही मिटताना मुलगा म्हणाला, "अण्णा, आज तोटाच झाला. ती गन आता नवी म्हणून विकता येणार नाही."

"नाहीच विकायची. अरे, आपण बिलावर अट छापली; गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न मात्र विसरलो. त्या विसरण्याची किंमत त्याने का द्यावी?"

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्याने फळीवरची सारी खोकी खाली काढली आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत लिहिले, हवा किती लागते. परत आलेली गन त्याने स्वच्छ धुऊन काउंटरमागच्या खिळ्याला अडकवली. आता कोणी स्प्रे गन मागितली, की किंमत सांगण्याआधी तो विचारतो, "घरी कॉम्प्रेसर कोणता आहे?"