आडोसा

पुढाऱ्याला जिवे मारायची धमकी आली की काय होतं? पुढारी मंत्री असला तर त्याच्याभोवतीचे बंदूकवाले वाढतात. आपल्यासारख्यांचा असला तर शहाणी माणसं सांगतात, बाबा, थोडे दिवस घरी बस. तो बसत नाही. का बसत नाही?

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराची गोष्ट बघा. १ फेब्रुवारी १९६८. धो धो पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीतच मागं आडोशाला शिरले. गोऱ्यांच्या वस्तीत त्यांनी कुणाच्या ओसरीला थांबलेलं चालायचं नाही. कचरा दाबायचं यंत्र बिघडून सुरू झालं आणि दोघंही चिरडले. माझा बाप झाडूवाला. हे मला कुणी समजावून सांगायला नको. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १३०० कामगार संपावर गेले. हातात पाट्या : मी माणूस आहे.

त्यांच्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग आला. आपल्या पोरांनी १९७२ ला नाव घेतलं ते ब्लॅक पँथरचं, किंगचं नाही. त्याची अहिंसा मलाही सगळी पटत नाही. पण मरण त्याला नवं नव्हतं. १९५६ ला त्याच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा बायको न् तान्ही पोर आत होती. १९५८ ला छातीत सुरी घुसली. मेम्फिसला २८ मार्चच्या मोर्चात दंगल झाली, पोलिसाच्या गोळीनं १६ वर्षांचं पोरगं मेलं. ३ एप्रिलला किंग परत तिकडं निघाला, तर बॉम्बच्या धमकीनं विमान अडकलं. तरी गेला.

त्या रात्री वादळ. किंग थकलेला. सभेला त्यानं ॲबर्नथीला पाठवलं, आपण खोलीवर थांबला. थोड्या वेळानं ॲबर्नथीचा फोन आला, लोकांना तूच पाहिजेस. किंग उठला न् गेला.

माझ्या मते उत्तर ह्या फोनात आहे. मंत्र्याला लपून चालतं. त्याचा हुकूम कागदावर चालतो, खाली कलेक्टर असतो, फौजदार असतो. ज्याच्याकडं खुर्ची नाही, तिजोरी नाही, त्याच्याजवळ एकच गोष्ट, लोकांत येऊन उभं राहणं. तेवढं बंद पाडलं की गोळी न झाडताच काम फत्ते! शिवाय पगार सोडून रोज पोलिसांसमोरनं चालणाऱ्या कामगाराला कुठलं संरक्षण? त्याला पुढं घालून स्वतः आडोशाला बसणाऱ्याचं कोण ऐकणार?

म्हणून काही मी ह्याला देव्हाऱ्यात बसवत नाही. मॅल्कम एक्सचं घर पेटवलेलं, तरी आठवड्यानं, २१ फेब्रुवारी १९६५ च्या सभेत, त्यानं दारावर कुणाची झडती घेऊ दिली नाही. त्याच सभेत त्याला मारलं. आपल्याच माणसांच्या खिशात हात घालायला नको वाटतं, कबूल. पण झडती घ्यायला पाहिजे होती. सभा भरवणाऱ्या पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं.

४ एप्रिलच्या संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात किंगला गोळी लागली. वय ३९. ८ एप्रिलला, त्याला माती द्यायच्याही आधी, कोरेटा किंग मेम्फिसला येऊन मोर्चाच्या पुढं चालली. मागं हजारो माणसं, मुकाट. १६ एप्रिलला नगरपालिकेनं युनियन मान्य केली न् पगार वाढवला.