काकूंचं देणं

माझा मुलगा अठरा वर्षांचा होण्याआधी आमच्या न्यू जर्सीच्या घरी बसून ज्या काकूंनी त्याच्या पुढच्या आयुष्याची तजवीज समजावून सांगितली, त्यांचं ऋण फिटण्यातलं नाही.

काकू वकील नव्हत्या. त्यांची मुलगी डाऊन सिंड्रोमची, माझ्या ऑटिस्टिक मुलाहून बरीच मोठी. ‘आपल्या मागे याचं कोण?’ हा प्रश्न त्यांनी माझ्या कितीतरी आधी सोसला होता. त्यांनी एका जुन्या पाकिटामागे पेन्सिलीने लिहिलं : घर, आयुर्विमा, निवृत्तीचं खातं, आजीचं मृत्युपत्र. मग एकेका शब्दावर बोट ठेवून विचारलं, “हे कुणाच्या नावावर जाणार?”

अमेरिकेत मूल अठराचं झालं की एसएसआय या सरकारी भत्त्यासाठी आईवडिलांची मिळकत धरत नाहीत, त्याची स्वतःची मालमत्ता बघतात. ती २,००० डॉलरच्या वर गेली की भत्ता थांबतो. १९८९ पासून हा आकडा तसाच आहे. त्याहून मोठी गोष्ट मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेची. डे प्रोग्रॅम, घरी येणारी मदतनीस, ग्रुप होम हे सगळं बहुतांशी त्याच्यावर चालतं. न्यू जर्सीत एकविसाव्या वर्षानंतरच्या सेवांनाही मेडिकेड लागतंच. मायेने नावावर ठेवलेला पैसा हे सारं बंद पाडू शकतो.

साताऱ्याला सासूबाईंना नातवाच्या नावे ठेव ठेवायची होती. काकूंनी त्यांना स्वतः फोन लावला. “आई, पैसा नातवासाठीच ठेवा, पण त्याच्या नावावर नको. स्पेशल नीड्स ट्रस्टच्या नावे ठेवा.”

“म्हणजे मी त्याला वगळू?” सासूबाईंचा आवाज कापरा झाला.

“वगळायचं कशाला? ताट त्याचंच, फक्त वाढणारा हात दुसऱ्याचा.”

आमचा ट्रस्ट पुढे वकिलांनी केला, पण तो आम्हाला कळला तो या एका वाक्याने. पैसा ट्रस्टीच्या ताब्यात. मुलगा तो हक्काने मागू शकत नाही, म्हणून तो त्याच्या मालमत्तेत धरला जात नाही. चष्मा, तबल्याची शिकवणी, कॉम्प्युटर यांचं बिल ट्रस्टी परस्पर भरतो. हातात रोकड मात्र द्यायची नाही, एसएसआय घटतं. पैसा आईवडिलांचा किंवा आजीचा असेल, तर मुलाच्या पश्चात उरलेलं भावंडाला जाऊ शकतं. अपघाताची भरपाई वगैरे त्याचा स्वतःचा पैसा असेल, तर ट्रस्ट वेगळा. त्यात उरलेल्यातून आधी मेडिकेडचा खर्च फेडावा लागतो.

काकूंनी आणखी एक कागद माझ्याकडून लिहून घेतला. त्याला कायद्याचं बळ नाही, पण ट्रस्टीला तोच खरा उपयोगी. त्यात मुलाच्या सवयी : दुधावरची साय त्याला चालत नाही. मिक्सर लावण्याआधी सांगावं लागतं. रागावला की पाठीवरून हात फिरवू नका, नुसतं शेजारी बसा.

काकूंनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. म्हणून हे देणं मी इथे फेडते आहे. तुमच्या घरात असं लेकरू असेल, तर या विषयातला जाणकार वकील गाठा. विम्यावर आणि निवृत्तीच्या खात्यावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते तपासा. आणि भारतातल्या आजी-आजोबांना आजच फोन करा.