हरवलेली तिथी

मोरा बंदरात ओहोटीला भाऊच्या धक्क्याची लाँच अडते, म्हणून जुने उरणकर तिथीवरून पाणी ओळखतात. माझ्या उद्वेगालाही अशी तिथी होती: पाळीआधीचे चार दिवस. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळीच कधी २२, कधी ५० दिवसांनी येऊ लागली. संप्रेरकांचे चढउतार बेभरवशाचे झाले, उद्वेग दाटला आणि तिथी हरवली.

पाळीपूर्व तीव्र विषण्णतेला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीने २०१३ साली स्वतंत्र विकार मानले. निदानासाठी किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते, मीही ठेवते. (घरचे ‘पाळी आली वाटतं’ म्हणतात, तेव्हा माझा रास्त रागही रद्द होतो. तोही टिपते.)

परवा तासाला एका विद्यार्थिनीवर विनाकारण कडाडले. नंतर तिची क्षमा मागितली. कारण सांगता आले नाही. शिकवत होते स्त्रीवादी समीक्षा.