आठवारीत बसायचं कसं?

मित्रांनो, खुर्चीत बसायला शिकावं लागतं, असं कुणी म्हटलं तर तुम्ही हसाल ना? 'त्यात काय शिकायचं? पाठ टेकली, पाय सोडले, झालं!' पण मी मात्र चांगली तिशी उलटल्यावर खुर्चीत बसायची रीतसर शिकवणी घेतली आहे. तीसुद्धा स्कॉटलंडमध्ये, ऐंशी वर्षांच्या एका आजोबांकडून. कारण त्या वेळी माझ्या अंगावर किल्ट होता.

किल्ट तुम्ही चित्रात पाहिला असेल. चौकडीच्या लोकरी कापडाचा, कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारा, स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा पोशाख. त्या चौकडीला टार्टन म्हणतात. पुरा किल्ट शिवायला साधारण आठ वार कापड लागतं. आठ वार! म्हणजे आजीच्या नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी. आणि गंमत म्हणजे त्यालाही निऱ्या असतात, बरं का! फरक एवढाच, की लुगड्याच्या निऱ्या पुढं, तर किल्टच्या मागं. पुढचा भाग सपाट असतो. तिथं दोन पदर एकावर एक येतात.

नोकरीमुळं मी तेव्हा स्कॉटलंडमध्ये राहत होतो. इनव्हरनेस गावी एका मित्राचं लग्न होतं. नवरदेवाच्या मित्रांनी किल्ट घालायचा, असा तिथला रिवाज. मी दुकानातून भाड्यानं आणला. आत काय घालायचं, हा प्रश्न तिथं प्रत्येक परदेशी माणूस विचारतो. मी कुणाला विचारलं नाही. सरळ अर्धी चड्डी घातली आणि मोकळा झालो!

पण त्या घरात एक जण किल्ट घालायला अजिबात तयार नव्हता. तो म्हणजे मित्राचा बारा वर्षांचा पुतण्या. त्याचे आईवडील लंडनला राहायला गेले होते. नव्या शाळेत मुलांनी त्याचा किल्टमधला जुना फोटो पाहिला आणि 'झगा, झगा' म्हणून त्याला चिडवलं. तेव्हापासून त्यानं ठरवलं होतं, की लग्नाला यायचं तर पँट घालूनच. आई रागावली, बाबांनी समजूत घातली, पण पठ्ठ्या हलेना.

मित्राचे आजोबा मात्र रागावले नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना जवळ बोलावलं आणि विचारलं, "इथून पाचेक मैलांवर कलोडनचं माळरान आहे. तिथं काय झालं, ठाऊक आहे?"

मग त्यांनी सांगितलं, ते असं. १६ एप्रिल १७४६ रोजी त्या माळावर लढाई झाली. राजगादीसाठी उठाव करणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बाजूनं बरेच डोंगरी स्कॉटिश लोक लढले. सरकारी फौजेपुढं ते तासाभराच्या आतच हरले. त्याच वर्षी सरकारनं कायदा केला, की किल्ट घालायचा नाही. तेव्हाचा किल्ट आजच्यासारखा शिवलेला नसे. लांबलचक कापडाला निऱ्या घालून ते पट्ट्यानं कमरेला आवळायचं आणि उरलेलं खांद्यावर घ्यायचं, असाही तो नेसत. तो अंगावर दिसला, तर सहा महिने कैद. दुसऱ्यांदा सापडला, तर सात वर्षं समुद्रापार हद्दपार! सैन्यातल्या लोकांना तेवढी सूट होती.

"मुलांना नसेल ना हा कायदा?" पुतण्यानं विचारलं.

"होता की," आजोबा म्हणाले. "पुरुष असो की मुलगा, कुणीही घालायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं. १७८२ साली तो रद्द झाला. म्हणजे तुझ्याएवढी कितीतरी मुलं किल्ट न घालताच मोठी झाली. तुला नको असेल, तर घालू नकोस. पण दुसरा कुणी नको म्हणतो, म्हणून सोडू नकोस."

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग उठला आणि आतून किल्ट घालून आला!

"आता खरी परीक्षा," आजोबा म्हणाले. "उभं राहायला कुणालाही जमतं. बसून दाखवा."

आणि आमची शिकवणी सुरू झाली. खुर्चीकडं पाठ करून उभं राहायचं. पोटऱ्यांना खुर्चीची कड लागली पाहिजे. मग खाली बसता बसता दोन्ही हात मागून निऱ्यांवरून फिरवायचे आणि निऱ्या मांडीखाली सपाट घ्यायच्या. नाहीतर त्या चुरगळतात आणि उघड्या मांड्यांना गार खुर्ची लागते ती वेगळीच! धपकन बसायचं नाही. बसलं, की पुढचं कापड गुडघ्यांच्या मधे खाली सारायचं. पुढं कमरेला एक चामडी बटवा लटकलेला असतो, त्याला स्पॉरन म्हणतात. किल्टला खिसे नसतात, म्हणून तो लागतोच. पण बसल्यावर तो मांडीवर येतो आणि त्याच्या वजनानं कापड जागच्या जागी राहतं. आहे की नाही युक्ती? खालच्या कोपऱ्यात एक मोठी पिन असते. ती फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांना टोचली, तर चालता-बसताना कापड ओढून फाटतं. आणि एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर टाकून ऐटीत बसायचं? छे! ते तर साफ बंद.

दहा वेळा उठलो, दहा वेळा बसलो. मला सारखी माझी आजी आठवत होती. नऊवारी लुगड्यात ती पाटावर बसायची, तेव्हा एका हातानं निऱ्या अशा काही अलगद सारायची, की एक चुणी इकडची तिकडं होत नसे. आमचे आजोबाही धोतराचा सोगा सावरूनच टेकायचे. त्यांनाही लहानपणी कुणीतरी शिकवलंच असणार!

लग्नात आमचा पुतण्या पहिल्या रांगेत ताठ बसला होता. संध्याकाळी जेवणाच्या वेळी एक पाहुणा किल्टमध्ये अवघडून उभाच होता. हा हळूच त्याच्यापाशी गेला आणि म्हणाला, "आधी मागून हात फिरवा." लंडनला परत जाताना त्यानं लग्नातला स्वतःचा एक फोटो दप्तरात टाकला. शाळेत न्यायला!

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी आजी नऊवारी नेसत असेल, एखादे आजोबा धोतर नेसत असतील. वर्गात कुणी तुमच्यापेक्षा वेगळा पोशाख करून येत असेल. कधी हसू आलं, तर हसण्याआधी एवढंच विचारून पाहा, "हे घालून बसतात कसं? मला शिकवाल?"