एका माणसाचं वऱ्हाड

वऱ्हाड म्हटलं की मैत्रिणींनो, तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मानपानावरून रुसून बसलेले मामा, टेम्पोत पुढची जागा पटकावणारी आत्या, दर पाच मिनिटांनी ‘निघायचं का?’ म्हणून विचारणारे म्हातारे काका आणि ऐन निघायच्या वेळी हरवलेली कपाटाची किल्ली! एवढं गणगोत सांभाळता सांभाळता घरच्या बाईचा जीव मेटाकुटीला येतो. आता कल्पना करा, की हे सगळं वऱ्हाड एकाच माणसाच्या अंगात शिरलंय. तोच मामा, तीच आत्या, तोच काका आणि तोच नवरदेव! असे एक-दोन नव्हे, चांगले बावन्न जण. आणि समोर बसलेले लोक तीन तास पोट धरधरून हसताहेत.

आपल्या मराठवाड्याच्या प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी हे करून दाखवलं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाव ऐकलं नाही असं घर आमच्याकडे सापडायचं नाही. पण नाव ठाऊक असलं तरी त्या माणसाबद्दल आपण फारसं बोलत नाही. म्हणून आज थोडं लिहावंसं वाटलं.

५ डिसेंबर १९४३ हा त्यांचा जन्मदिवस. पेशा मास्तरकीचा. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवायचे आणि त्या विभागाचे प्रमुखही होते. म्हणजे दिवसा मुलांना नाटक शिकवायचं आणि मिळेल त्या गावी जाऊन स्वतः उभं राहायचं. ‘वऱ्हाड’ त्यांनीच लिहिलं, त्यांनीच बसवलं आणि त्यांनीच केलं. अडीच हजारांच्या वर प्रयोग झाले. परदेशातल्या मराठी मंडळींनी बोलावलं, तेव्हा हे वऱ्हाड खरोखरीच विमानात बसून गेलं! गिनीज बुकानंही त्याची नोंद घेतली. २२ फेब्रुवारी २००९ रोजी देशपांडे सर गेले. वय अवघं पासष्ट.

गोष्ट तशी साधीच. खेड्यातल्या एका घरातला मुलगा परदेशी जातो, तिथल्या गोऱ्या मुलीशी त्याचं लग्न ठरतं आणि अख्खं घर, भावकीसकट, लग्नासाठी लंडनला निघतं. ज्यांनी एसटीशिवाय दुसरं वाहन फारसं पाहिलं नाही, ती माणसं विमानतळावर! पुढचं काय ते तुम्हीच समजून घ्या.

मी ‘वऱ्हाड’ पहिल्यांदा ऐकलं ते कॅसेटवर. माझं माहेर नांदेडचं. वडिलांकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता. कॅसेटची फीत अधूनमधून अडकायची, मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायची. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात सडा टाकून बाजा मांडल्या, की शेजारची दोन-तीन घरं आमच्याकडे जमायची. ‘लावा हो वऱ्हाड!’ अशी फर्माईश व्हायची. मध्येच वीज गेली तर पुढचं कुणीतरी तोंडपाठ म्हणून दाखवायचं.

सगळे हसत. माझी आजी मात्र हसायची नाही. डोक्यावरचा पदर सावरून ती अशी ऐकायची, जणू घरात आलेले पाहुणेच बोलताहेत. एकदा तिनं वडिलांना विचारलं, “ह्यात काय हासायलात रे? आपल्यावानीच तर बोलायलाय त्यो!” आणि बायकांचे आवाज आले की म्हणायची, “ह्या बाया कुठल्या गावच्या?” तो सगळा आवाज एकाच पुरुषाचा आहे, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आता वाटतं, नटाला याच्याहून मोठी पावती ती कोणती? आमच्या हसण्यापेक्षा आजीचं न हसणं हीच खरी दाद होती.

पुढे बी.ए.साठी मी पुण्याला गेले आणि ‘आपल्यावानी बोलणं’ म्हणजे काय ते नीट कळलं. वसतिगृहात पहिल्याच दिवशी मी खोलीतल्या मुलीला सहज विचारलं, “काय करायलीस?” झालं! दोन दिवसांत ते ‘करायलीस’ सगळ्या मजल्यावर पसरलं. येता-जाता मुली म्हणायच्या, “ए, परत बोल ना तसं!” त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण मी काय बोलते याकडे कुणाचं लक्षच नसे, कसं बोलते तेवढंच. पहिलं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. उत्तर येत असलं तरी मनातल्या मनात आधी ‘शुद्ध’ करून घ्यायचं आणि तोवर प्रश्न पुढे गेलेला असायचा.

म्हणूनच मला देशपांडे सरांचं मोल जास्त वाटतं. मराठवाडी बोलून लोकांना हसवणं अवघड नाही. एखादा हेल ओढून बोलावा, दोन शब्द वेडेवाकडे उच्चारावेत, की टाळ्या पडतात. पुष्कळ नाटका-सिनेमांत घरगडी किंवा हवालदार असाच बोलतो. त्याच्या वाट्याला दुसरं कामच नसतं. सरांच्या प्रयोगात मात्र सगळेच तसे बोलतात. घरातला कर्ता, शहाणा, भांडकुदळ, मायाळू, सगळेच. बोली एकट्या मूर्खाची राहत नाही. मग हसू येतं ते माणसाच्या स्वभावाला. मोठेपणा मिरवण्याच्या हौसेला, भोळ्या हट्टाला, भावकीतल्या जुन्या कुरबुरीला हसू येतं. आणि तो स्वभाव तर पुण्यातही सापडतो अन् लंडनमध्येही! म्हणूनच तर परमुलुखातली माणसंही पोट धरून हसली.

ही किमया निव्वळ नकलेनं होत नाही. नक्कल पाच मिनिटं पुरते. तीन तास माणसं धरून ठेवायची तर नट कसलेला लागतो. रंगमंच रिकामा, मदतीला दुसरं कुणी नाही, फार तर हाताशी एखादं कापड. मान इकडे वळली की बाप, तिकडे वळली की लेक. पाठीला जरासा बाक आला की म्हातारा. बाईचं काम करताना उगीच चिरका आवाज काढून हशा मिळवायचा मोह किती नटांना आवरतो? सरांच्या बायका ऐकताना आधी बाई दिसते, हसू मागाहून येतं. ज्याला गंभीर काम येतं त्यालाच खरं विनोदी काम जमतं, असं म्हणतात ते काही खोटं नाही. चांगल्या स्वयंपाकिणीला जसं गोडात चिमूटभर मीठ कुठं घालायचं ते ठाऊक असतं, तसंच हे.

आणखी एक विचार मनात येतो. एकट्यानं नाटक करायची ही रीत आपल्याकडे काही नवी नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं गाजवली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्याच्याही आधी आपल्या पैठणच्या एकनाथांनी भारुडं रचली. भारूड म्हणणारा घटकेत एक सोंग घेतो, घटकेत दुसरं. दारी येणारा बहुरूपी, रात्र जागवणारा गोंधळी, कीर्तनात एकाच दमात सासू आणि सून दोघींचं बोलणारे बुवा, ही सगळी आपल्याच मातीतली मंडळी. शिवाय आमच्या भागात मुंबई-पुण्याचं नाटक यायचं म्हणजे मोठा खटाटोप. सेट आणायचा, बसभर माणसं आणायची, त्यांची राहायची-जेवायची सोय करायची. छोट्या गावाला हे कुठून परवडणार? एकट्या माणसाचं नाटक मात्र एका पिशवीसह कुठंही पोचतं. गरिबीतला संसार जसा कमी भांड्यांत निगुतीनं होतो, तसं हे नाटक मला वाटतं.

आणि ही बोली तरी कुठून आली? मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू. आमच्या आज्या-आजोबांच्या बोलण्यात उर्दू शब्द सहज यायचे ते त्यामुळं. देगलूरकडे तेलुगूचा शेजार, निलंगा-उदगीरकडे कानडीचा. नांदेडचं ‘करायलास’ लातूरला आलं की ‘करलालास’ होतं. लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच सकाळी विचारलं, “काय करलालीस गं?” आणि मला हसू फुटलं. त्यांनाही माझ्या ‘करायलेय’चं हसू आलं. दोघी एकमेकींना हसलो, आणि तिथंच आमचं जमलं! सांगायचा मुद्दा असा, की हसण्याहसण्यात फरक असतो. बरोबरीनं हसलं तर माणूस जवळ येतो, वरून हसलं तर दूर जातो.

हे सगळं मी का लिहितेय ते आता सांगते. मी इथल्या एका शाळेत सकाळच्या वेळी मराठी शिकवते, अर्धवेळ. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. गावोगावची मुलं इथं खोली करून शिकतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन पैसे भरतात. त्यांची एकच इच्छा, मुलानं ‘नीट बोलावं’. प्रमाण मराठी यायलाच हवी, मी ती कटाक्षानं शिकवते. निबंधात ‘करलालो’ लिहिलं तर गुण जाणारच. पण घरची बोली म्हणजे लाजेची गोष्ट, असं मूल धरून बसलं तर ते वर्गात माझ्यासारखंच गप्प होतं. असे गप्प बसणारे पाठीमागच्या बाकावर मला नेहमी दिसतात.

म्हणून देशपांडे सरांकडून मी एक खेळ उसना घेतला. आठवड्यातून एक तास, पुस्तक बंद. एका मुलानं उभं राहायचं आणि एकट्यानं तीन माणसं करायची. एसटीचा कंडक्टर, सुट्टे पैसे नसलेली म्हातारी आणि खिडकीसाठी भांडणारा पोरगा. ज्याची जशी बोली, तशीच बोलायची. पहिल्या दिवशी नुसती खिदळाखिदळी झाली. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा, सहा महिन्यांत ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, हातरुमाल डोक्यावर घेऊन अशी म्हातारी झाला की वर्ग चिडीचूप! त्यानं कुणाची टवाळी केली नाही. त्याची आजीच होती ती. नंतर तो हात वर करायला लागला. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. एका पालकांनी तर तक्रारच केली, “बाई, ही असली भाषा आम्ही घरी फुकट शिकवतो की!” त्यांचंही चूक कसं म्हणू? फी ते भरतात.

आणि घरात तरी काय वेगळं? गेल्या वर्षी माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, “आई, पालकसभेला आजीला नको पाठवू. ती कशीतरीच बोलते.” सासूबाई दारातच होत्या. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “म्या शाळंचं तोंड बघितलं न्हाई, म्हणून तर तुझ्या बापाला शाळंत घातलं.” एवढं बोलून त्या ज्वारी निवडायला बसल्या. मला काही सुचेना. लेकीला रागवून तरी काय होणार? लाज ती बाहेरूनच शिकून आली होती.

त्या रविवारी मी मोबाइलवर ‘वऱ्हाड’ लावलं. यांनीही वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. लेक हसून हसून लोळली. मध्येच थांबून म्हणाली, “आजीसारखंच बोलताहेत की हे!” सासूबाई म्हणाल्या, “माझ्यासारखं न्हाई, माझ्या जावंसारखं.” मग त्या जाऊबाईंची नक्कल आम्हाला ऐकायला मिळाली आणि तिच्यापुढं मोबाइल फिका पडला! पालकसभेला त्या गेल्या की नाही, विचाराल तर हो, गेल्या. लेक त्यांच्या शेजारी बसली. जरा अवघडूनच, पण बसली.

सर आज नाहीत. ‘वऱ्हाड’ मात्र थांबलेलं नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे संदीप पाठक यांनी ते पुढे चालू ठेवलं आहे. सिनेमात मकरंद अनासपुरे यांच्यासारख्या नटानं ही बोली नायकाच्या तोंडी आणली. हे पाहिलं की बरं वाटतं. पण नट मंडळींनी कितीही केलं तरी बोली टिकते ती स्वयंपाकघरात, अंगणात आणि माजघरात. ते खातं आपल्याकडे!

तेव्हा मैत्रिणींनो, सुट्टीत पोरं घरी कंटाळली की एकदा त्यांना ‘वऱ्हाड’ ऐकवा. मग घरातल्या वडीलधाऱ्या बाईला मध्ये बसवून त्यांच्या वेळच्या लग्नाची हकिगत विचारा. कोण रुसलं, कोण हरवलं, गाडीचा बैल कुठं बसला. त्यांना त्यांच्याच शब्दांत सांगू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. जमलं तर मोबाइलवर तेवढं भरून ठेवा. आमच्या आजीचं तसं ठेवायचं कुणाला सुचलं नाही, तेव्हा मोबाइल तरी कुठं होते? तुमच्या घरात मात्र ती बाई अजून बोलत असेल.