रुपयाचे भूत

भुताखेतांचे स्वस्त सिनेमे मला आवडतात, ही गोष्ट चारचौघांत सांगण्याची सोय नाही. सत्यजित राय आवडतात म्हटले की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. रामसे बंधू आवडतात म्हटले की तो चष्मा पुसू लागतो. बँकेतल्या सबंध नोकरीत मी ही आवड एखाद्या व्यसनासारखी लपवून ठेवली. आता निवृत्ती जवळ आली आहे, मुले मोठी झाली आहेत, आणि फराळ करून वाचकही जरा सैल होऊन बसलेले असतील. तेव्हा कबुली द्यायला हाच मुहूर्त बरा.

आमचे गाव दारव्हा, जिल्हा यवतमाळ. यवतमाळ ते मूर्तिजापूर जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' आमच्या गावावरून जात असे. माझ्या लहानपणी तिला वाफेचे इंजिन होते. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले ते इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले, आणि काही वर्षे डिझेलवर धावून पुढे गाडीही थांबली. धावून म्हणायचे ते आपले रीत म्हणून. चालत्या गाडीतून उतरावे, बोरे वेचावीत आणि पुन्हा चढावे, असे लोक सांगत. मी स्वतः कधी उतरलो नाही, पण खिडकीतून पाहताना बोरे मोजता येत एवढे खरे. अशा गावी मुंबईचा सिनेमा पोचायला वर्षसव्वा वर्ष लागे, याचे कुणाला नवल वाटत नसे. अमरावतीच्या वितरकाकडून पत्र्याच्या पेट्या एस.टी.च्या टपावरून येत, आणि येईतो त्या फितीवर इतके ओरखडे पडलेले असत की भर उन्हाच्या दृश्यातही बारीक पाऊस पडत असल्याचा भास होई.

कापूस विकून लोकांच्या हाती चार पैसे आले की बाजाराच्या मैदानावर तंबू येई. दिवसभर एक माणूस टांग्यात बसून भोंग्यावरून गावभर ओरडत हिंडे. संध्याकाळी जनरेटर धडधडू लागला की आमच्या घरी उदबत्तीच्या वासात डिझेलचा वास मिसळे. तंबूत मधोमध कापडी कनात. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. बसायला जमीन. जाणते लोक घरून बारदान नेत. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे एक रीळ संपून दुसरे चढेपर्यंत अंधारात बसून राहावे लागे, आणि त्या अवधीत पुढे काय होणार यावर पैजा लागत. मला वाटते, त्या सिनेमांतले निम्मे भय या थांबण्यात होते. हल्लीच्या गुबगुबीत खुर्च्यांत भुताला असा उसंतीचा वेळ मिळत नाही, बिचाऱ्याला सारखे पळावे लागते.

आमच्या घरात मात्र भुताचे नाव काढायची बंदी होती. बाबा शाळेत विज्ञान शिकवीत. पिंपळावरचा मुंजा, शिवेवरचा चकवा, नदीवरची हडळ असली कुणाचीही गोष्ट त्यांच्या कानावर गेली की ते त्या माणसाला तिथेच उभे करून प्रश्न विचारीत: कुणी पाहिले, किती वाजता पाहिले, चांदणे होते की नव्हते. आजीला हे मुळीच पसंत नव्हते. पण मुलाशी वाद घालण्यापेक्षा ती गप्प राहून आपले तेच करी. ताईच्या उशाखाली तिने विळा ठेवला होता, आणि बाबांनी तो काढला की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच असे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दिग्रसला दिलेली, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. ही १९८६ च्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. घरात आनंद होता, पण त्या आनंदाला एक अडखळ होती आणि ती कशाची हे मला कळत नव्हते. भिंतीवर आत्याचा एक फोटो होता. ती माझ्या जन्माआधी वारली, एवढेच मला ठाऊक. कशाने वारली हे विचारले की बाबा वर्तमानपत्र उलगडीत आणि आजी चुलीकडे वळे. ती बाळंतपणात गेली, पावसाळ्यात, नदीला पूर असताना, हे मला शेजारच्या काकूंच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी कळले होते. काकूंच्या मते तिला हडळीने धरले होते.

अशा वेळी तंबूवर 'पुराना मंदिर'ची पाटी लागली. चित्रपट १९८४ सालचा, खास प्रौढांसाठीचा; पण तंबूच्या दारावरच्या माणसाला वय मोजण्यापेक्षा रुपया मोजण्यात अधिक रस होता. माझा मित्र वयाने दोन वर्षांनी मोठा आणि अनुभवाने वीस. त्याने आधीच बजावले, "पाय बे, भेव लागलं अन् उठून गेला, तं रुपया वापस नाही भेटत." अभ्यासाला जातो असे घरी सांगून मी गेलो. खोटे बोलण्याची भीती भुताच्या भीतीपेक्षा मोठी होती, त्यामुळे पहिले रीळ तसे सुखात गेले.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाचा एक सैतान राजाच्या हाती सापडतो. राजा त्याचे मुंडके तोडून पेटीत घालतो, पेटीला त्रिशुळाचे कुलूप लावतो आणि धड जुन्या देवळामागे पुरतो. मरताना सामरी शाप देतो, की मुंडके धडापासून वेगळे आहे तोवर या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल.

हे वाक्य ऐकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आजूबाजूची माणसे शेंगा फोडीत होती. पुढे प्रदीपकुमार ठाकूर होऊन आपल्या मुलीचे लग्न मोडू पाहतो, मोहनीश बहल तिला घेऊन जुन्या हवेलीत जातो, मध्येच जगदीप 'शोले'ची नक्कल करून जातो, हे सारे मी पाहिले, पण पाहिले म्हणजे डोळ्यांसमोरून गेले. सामरी प्रत्यक्ष उठला तेव्हा तंबूतली पोरे किंचाळली. मी किंचाळलो नाही. तो तर रंग फासलेला उंच माणूस होता हे मलाही दिसत होते. मला भय वाटत होते ते त्या बापाचे. मुलीपासून काहीतरी लपवणारा तो बाप आमच्याच घरातला वाटत होता.

घरी आलो तो ताई जागी होती. मी कुठे गेलो होतो हे तिने ओळखले, कारण माझ्या कपड्यांना तंबूचा वास होता. ती ओरडली नाही. म्हणाली, "सांग नं मले, काय होतं त्यात." आता आली का पंचाईत! मी बसलो आणि 'पुराना मंदिर'ची एक वेगळीच कथा सांगितली. माझ्या कथेत राजाचा खजिना चोरीला गेला होता आणि सामरी त्या खजिन्याच्या मागे होता. शापाचा शब्द मी उच्चारला नाही. कुठे बाई मरते आहे असे दृश्य आले की मी तिथे जगदीपला आणून बसवी. ताई खूप हसली. जगदीपच्या वाट्याला इतके काम सबंध कारकिर्दीत कुणी दिले नसेल.

रामसे मंडळींविषयी मी वाचले ते पुष्कळ वर्षांनी. वडील फतेहचंद मूळचे कराचीचे; तिथे त्यांचे रेडिओचे दुकान होते, फाळणीनंतर ते मुंबईला आले. मुलगे सात. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात, हे मुलांच्या ध्यानात आले. मग १९७२ साली सारे कुटुंब महाबळेश्वरला एका सरकारी विश्रामगृहात जाऊन उतरले आणि चाळीसेक दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात, 'दो गज जमीन के नीचे' करून परतले. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन पाहत, कुमार लिहीत, गंगू कॅमेऱ्यामागे, किरणकडे ध्वनी, अर्जुनकडे संकलन. स्वयंपाक घरच्या बायकांकडे. आपल्याकडे एखाद्या घरात पापड-लोणच्यांचा धंदा चालावा तसा यांच्या घरी भुतांचा चाले. सामरी झालेला अजय अगरवाल रुरकीला स्थापत्यशास्त्र शिकलेला इंजिनिअर होता, हे वाचून मला फार गंमत वाटली. बाबांना हे तेव्हा सांगता आले असते तर त्यांनी त्याला निदान पास केले असते!

आणि हा धंदा काही आपल्यापुरता नाही. माझा भाचा (हो, तोच, पुढे येईल) संगणकावर जगभरचे असले सिनेमे गोळा करतो. गेल्या वर्षी त्याने मला फिलिपाइन्सचे चित्रपट दाखवले. एडी रोमेरो आणि हेरार्दो दे लिओन हे तिथले दिग्दर्शक. त्यांचा १९५९ चा 'टेरर इज अ मॅन' अमेरिकेत लागला तेव्हा भयंकर प्रसंगापूर्वी घंटा वाजे, म्हणजे नाजूक मनाच्या माणसांनी डोळे मिटून घ्यावेत. नंतर त्यांनी एका रक्तद्वीपावर तीनचार चित्रपट रचले. त्यातल्या वेड्या डॉक्टरच्या चित्रपटाला येणाऱ्या प्रेक्षकांना हिरवे पाणी 'हिरवे रक्त' म्हणून प्यायला देत आणि शपथ घ्यायला लावीत. जंगल खरे, घाम खरा, राक्षस तेवढा खोटा. कॅमेरा असा पुढेमागे हलतो की माझ्यासारख्याला आवळसुपारी तोंडात धरून बसावे लागते. पण पुढे या दोघांनाही त्यांच्या देशाने राष्ट्रीय कलावंत म्हणून गौरवले. दे लिओनना १९८२ मध्ये, रोमेरोंना २००३ मध्ये. आपल्याकडे रामसेंना कुणी पद्म देईल असे वाटत नाही, आणि द्यावे असा माझा आग्रहही नाही. तुलसी २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली.

हे सिनेमे चांगले आहेत असे मी म्हणणार नाही. बाईला पडद्यावर विनाकारण भिजवण्याची त्यांची खोड मला आजही ओशाळवाणी वाटते, आणि भाच्याबरोबर पाहताना मी नेमका त्याच वेळी पाणी प्यायला उठतो. भीतीच हवी असेल तर आपल्या नारायण धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या पुस्तकांत ती कितीतरी शहाणपणाने मिळते. ती वाचल्यावर रात्री न्हाणीघरात जाताना मी अजून दिवा आधी लावतो. पण त्या पुस्तकांतली भीती जाणत्याची आहे. तंबूतली भीती आडाण्याची. ती जे बोलायचे ते भोंग्यावर बोलते. आमच्या घरात बारा वर्षे, पंधरा वर्षे, जितकी झाली असतील तितकी, जे कुणी उच्चारले नव्हते ते त्या सामरीने एका रुपयात सांगून टाकले. बाळंतपणात बाई मरते, म्हणाला. घरातल्यांना ठाऊक असते आणि ते सांगत नाहीत.

तो सिनेमा पाहिल्यावर पंधरा दिवसांनी, मध्यरात्री, ताईच्या पोटात दुखू लागले. सुईण आली, आजीशी हळू आवाजात काही बोलली आणि बाबा जिनवाल्या शेटजींची जीप आणायला धावले. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे ठरले. सगळ्यांची धावपळ चालली असताना मी देव्हाऱ्यातला महादेवाचा पितळी त्रिशूळ उचलला. वीतभर लांबीचा होता. ताईच्या कपड्यांच्या पिशवीत, लुगड्यांच्या घडीत, तो खोल खुपसला. देव्हाऱ्यातली वस्तू चोरली म्हणून पाप लागेल असे वाटत होते, विज्ञानाच्या मास्तरचा मुलगा म्हणून लाज वाटत होती. पण पेटीला त्रिशुळाचेच कुलूप होते, ते मी डोळ्यांनी पाहिले होते.

जीप गेली. आजी आणि मी ओट्यावर बसून राहिलो. पहाटे ती एकदम म्हणाली, "तुह्या आत्याच्या वक्ती गाडी नोती बाप्पा." आत्याविषयी तिच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले वाक्य. मग ती बोलत राहिली, उजाडेपर्यंत. आत्याला शिवणाची आवड होती, ती फार मोठ्याने हसे, पूर दोन दिवस उतरला नव्हता, बैलगाडी काठावर उभी होती. हडळीचे नाव आजीने एकदाही घेतले नाही.

दुपारी निरोप आला: मुलगा झाला, दोघे सुखरूप. चौथ्या दिवशी बाबा कपडे न्यायला घरी आले. त्यांनी हातपाय धुतले, कोटाच्या आतल्या खिशातून त्रिशूळ काढला, पुसला आणि देव्हाऱ्यात होता तिथे ठेवला. माझ्याकडे पाहिले. किती वाजता, चांदणे होते का, काही विचारले नाही. मीही उभाच राहिलो.

बाबा जाऊनही आता बारा वर्षे झाली. त्यांच्या तेराव्याला आम्ही भावंडे बोलत बसलो तेव्हा ताईने सांगितले, की पिशवी उघडल्यावर त्रिशूळ खणकन फरशीवर पडला. नर्सबाई हसल्या. बाबांनी तो उचलला आणि "राहू द्या" म्हणून खिशात घातला. रात्रभर व्हरांड्यात येरझारा घालताना त्यांचा उजवा हात खिशातच होता. आणि सिनेमाची गोष्ट? ती तिला आधीच ठाऊक होती. शेजारच्या काकू पहिल्याच रात्री बायकांच्या बाजूला बसून पाहून आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी दळण निवडता निवडता त्यांनी शापासकट सगळी सांगितली होती. "मंग मले काहून विचारलं?" मी म्हणालो. ताई म्हणाली, "तू कसा सांगतं ते पाहाचं होतं."

त्रिशूळ हल्ली भाच्याकडे पुण्याला असतो, त्या फिलिपिनो चित्रपटांच्या संगणकाशेजारी. त्याचे मधले टोक किंचित वाकले आहे. ते दवाखान्याच्या फरशीवर वाकले, की त्याआधीच वाकलेले होते, यावर ताईचे आणि माझे अजून एकमत होत नाही.